गिऱ्हाईक कोठे आहे?

तरुण पोरे अंमली पदार्थांच्या किंवा गुंडगिरीच्या धंद्यात कशी ओढली जातात हे सांगणारी कादंबरी, नाटक वा चित्रपट आला की आपल्याकडे एक ठरीव आक्षेप घेतला जातो : अशाने पिढी बिघडते. जणू मावळातला पोरगा आधी चित्रपट पाहतो आणि मग बेकार होतो!

वस्तुस्थितीचा क्रम उलटा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरणी संप मोडून पडल्यावर कामगाराच्या घरात टोळी कशी शिरली, हे जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकाने दाखविले. प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ने २०१८ साली तीच कहाणी जमीन विकून बसलेल्या शेतकऱ्याच्या घरात नेली. मुळशीची हद्द ओलांडली की मावळ लागतो. येथील जमिनी टाटांच्या तलावांखाली गेल्या, पवना धरणाखाली गेल्या, २००२ मध्ये पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गाखाली गेल्या. पवनेच्या बंद जलवाहिनीला विरोध करणाऱ्यांवर ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे गोळीबार झाला. तिघे ठार झाले. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २००८ साली सुरू झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये तेथील उत्पादन थांबले. जमीन गेली, तिच्या बदल्यात आलेली नोकरीही गेली. एवढे झाल्यावर दोष चित्रपटाचा!

तथापि या वाङ्मयाची पाठराखण करतानाही त्यातील एक उणीव झाकता येणार नाही. त्यात पोरगा असतो, त्याची रडणारी आई असते, ‘भाई’ असतो, पोलीस असतो. गिऱ्हाईक मात्र क्वचितच असते. आणि भांडवल घालणारा तर जवळजवळ नसतोच. अमेरिकेत रिचर्ड प्राइस यांच्या ‘क्लॉकर्स’ (१९९२) या कादंबरीतला कोकेन विकणारा तरुण पोटाच्या अल्सरने पिळवटलेला आहे, बादशहा नव्हे. तेथील अर्थशास्त्रानेही हेच सांगितले. स्टीव्हन लेविट आणि सुधीर वेंकटेश यांनी एका टोळीचे हिशेब तपासून २००० साली दाखविले की, रस्त्यावर उभा राहून माल विकणाऱ्याची कमाई साधारण किमान वेतनाइतकीच होती. मरणाची जोखीम त्याची, नफा वरच्यांचा. कोणत्याही कारखानदारीहून हे निराळे नाही. फक्त येथे युनियन नाही.

लोणावळ्यात हे चित्र अधिक उघडे पडते. शनिवारी मोटारी घाट चढून येतात, बंगले भाड्याने जातात, अधूनमधून छाप्याची बातमी येते. ज्याच्याजवळ खर्च करायला पैसा आहे तो मुंबई-पुण्याहून येतो. ज्याला तो पैसा हवा आहे तो खालच्या गावातून येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथे एका रासायनिक कारखान्यात पुणे पोलिसांना शेकडो किलो मेफेड्रोन सापडले. शेकडो किलो! एवढा माल बेकार पोरांच्या खिशातल्या पैशांतून तयार होत नाही. त्यासाठी शेड लागते, यंत्रे लागतात, रसायनशास्त्र जाणणारा माणूस लागतो आणि उधारीवर थांबू शकणारे भांडवल लागते.

कायदा मात्र वजनाने चालतो. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यात २००१ साली जी दुरुस्ती झाली, तिने शिक्षा प्रमाणावर ठेवली. गांजा वीस किलोंहून अधिक भरला की किमान दहा वर्षांची सक्तमजुरी, आणि कलम ३७ मुळे जामीन जवळजवळ अशक्य. गोणी ज्याच्या दुचाकीवर, गुन्हा प्रथम त्याचा. ती कोणाच्या पैशाने भरली, हे सिद्ध करणे कठीण. म्हणून सहसा त्या वाटेला कोणी जात नाही.

पकडल्या गेलेल्या पोराचे नाव गावात घेतले जात नाही आणि त्याच्या घरी कार्यकर्ताही फिरकत नाही. बदनामीची ही भीती आपण झटकली पाहिजे. वडगावच्या न्यायालयात अशा पोरांच्या बाजूने उभा राहणारा वकील मिळवून देणे, आणि प्रत्येक आरोपपत्रात माल कोणाकडून आला व कोणाकडे चालला होता याचा तपास झाला की नाही, हे जाहीरपणे विचारणे, एवढे तालुका शाखेच्या आवाक्यात निश्चित आहे.