कृषि पदवीधरास ऐकावयास शिकवा

कृषि महाविद्यालयातून बाहेर पडणारा पदवीधर खतांच्या मात्रा बिनचूक सांगतो. परंतु बांधावर उभा राहिला की त्याच्या बोलण्याचे व्याख्यान होते. शेतकरी मान डोलावतो आणि पेरणी मात्र पूर्वीप्रमाणेच करतो. यास अज्ञान म्हणणे अन्यायाचे आहे. कोरडवाहू शेतकऱ्याचा एक हंगाम बुडाला तर सारे वर्ष बुडते. त्याच्या नकारामागे हा हिशेब असतो.

अमेरिकेतील आयोवा राज्यात संकरित मक्याच्या प्रसाराविषयी रायन व ग्रॉस यांनी १९४३ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास हेच दाखवितो. नव्या बियाण्याची वार्ता अनेकांस प्रथम विक्रेत्यांकडून कळली. विश्वास बसला तो शेजाऱ्यांच्या अनुभवावर.

आपल्याकडे विस्तार शिक्षण हा विषय अभ्यासक्रमात आहेच. तथापि मानसशास्त्र व संवादकौशल्य ही उत्तरपत्रिकेपुरती राहू नयेत. ग्रामीण कृषि कार्यानुभवाच्या काळात विद्यार्थ्याने घरच्या सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण शेतकऱ्याकडूनच मोजवून घ्यावी, त्याच्या शंका त्याच्याच शब्दांत टिपाव्यात आणि त्या टिपणासही गुण असावेत. कृषि विद्यापीठांनी याचा अवश्य विचार करावा.