याचा उपयोग काय?

"बाई, या वयात सोंगट्या काय खेळता? आणि ती राजाराणीची पुस्तकं!" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचा राग येत नाही. राग येतो तो पुढच्या प्रश्नाचा : "याचा उपयोग काय?" कारण हा प्रश्न माझ्यापाशी थांबत नाही, पोरांपर्यंत जातो. आमच्या भागातल्या एका शाळेत अवांतर वाचनाचा तास काढून तिथे शिष्यवृत्तीचा जादा तास बसवला. गोष्टींची पुस्तकं कपाटात आणि कपाटाला कुलूप! एकाही पालकाने तोंड उघडलं नाही. म्हणून मी उघडते.

कृष्णशास्त्री चिपळूणकर काही रिकामटेकडे गृहस्थ नव्हते. त्यांनी मराठी व्याकरणावर लिहिलं, 'मेघदूत' मराठी पद्यात आणलं, पुण्यात शिक्षक घडवणाऱ्या ट्रेनिंग कॉलेजाचे ते प्रमुख होते. त्याच माणसाने अरबी सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला घेतल्या आणि त्यांच्या मागे ते काम विष्णुशास्त्र्यांनी पुरं केलं. मास्तरांच्या मास्तराला जे वर्ज्य वाटलं नाही, ते आम्हाला वाटावं? पुढे 1913 मध्ये नाथमाधवांचं 'वीरधवल' आलं, 1952 पासून 'चांदोबा' मराठीत येऊ लागला. माझ्या वर्गात निबंधात स्वतःचं एखादं वाक्य लिहिणारी पोरं बहुतेक 'चांदोबा' लपवून वाचणारीच असत. गाइडवाल्यांचे निबंध मात्र एका छापाचे : गाय हा एक उपयुक्त पशू आहे. उपयोग तिथे बरा सापडतो!

आता पटाचं. लगेच कोणीतरी धर्मराजाचं उदाहरण देतं. अहो, धर्मराज बुडाला तो पणापायी, पटापायी नव्हे. आपल्याकडचे जुने मोक्षपट पाहा, सद्गुणाला शिडी आणि दुर्गुणाला साप. पण मला तो उपदेशही नको. मला साधं हवंय : समोर जिवंत माणूस असावा, आपली पाळी येईपर्यंत थांबावं आणि हरल्यावर सोंगट्या न उधळता पुन्हा मांडाव्यात. नॅरोगेजच्या दिवसांत आमच्या कुर्डुवाडी जंक्शनवर गाडी बदलणारी अनोळखी माणसं टॉवेल पसरून पत्ते खेळत. हरलेला हसत उठायचा आणि बार्शीची गाडी धरायचा.

उपयोगाचं भूत पटालाही सोडत नाही. 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, फार आनंद झाला. पण "बुद्धिबळाने गणित सुधारतं" म्हणून पोराला क्लासला धाडणारे बाप मला भेटतात. घरी त्याच्याशी एक डाव खेळाल का? छे, वेळ कुठाय!

टीव्हीचंही तेच. 1987 मध्ये 'रामायण' सुरू झालं तेव्हाही मुलं बिघडतील म्हणणारे होतेच. एका खोलीत अख्खी गल्ली बसायची. मधेच कोणी विचारायचं, "वालीला आडून मारलं ते बरोबर का हो?" आणि आठवडाभर वाद चालायचा. 2020 च्या टाळेबंदीत तीच मालिका पुन्हा लागली, तेव्हा बऱ्याच घरांत आजी आणि नातवंडं शेजारी बसली. आता परत चार माणसं आणि चार मोबाइल. पोरांना दोष देऊ नका. पटावरून आधी मोठी माणसं उठली.

हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. घरात ज्या मुलाला कधी हरू दिलं नाही, त्याची पहिली हार थेट दहावीच्या निकालाला होते. मार्क कमी पडले म्हणून जेवण सोडून खोलीत कोंडून घेतलेली पोरं मी पाहिली आहेत. सोंगट्या खेळल्या की हे टळतं, असा माझा दावा नाही. पण हरून पुन्हा पट मांडायची सवय घरी नाही तर कुठे लागणार? गाइडात तो धडा नाही.

तेव्हा मुख्याध्यापक महोदय, तो एक तास परत द्या आणि कपाटाची किल्ली पोरांच्या हाती द्या. आणि पालकांनो, येत्या रविवारी एक डाव मांडा. मुद्दाम हरू मात्र नका, पोरांना ते लगेच कळतं.