विधी सोडले, नदीकाठ सोडू नका



बावीस प्रतिज्ञा घेतल्यावर आपण श्राद्ध व पिंडदान वर्ज्य केले, हे योग्यच झाले. परंतु त्यापाठोपाठ, घाटाशी आता आपला काय संबंध, असा प्रश्न आपल्यातील कोणी कोणी विचारू लागले आहेत. वाई, संगम माहुली, कऱ्हाड, सांगली, हरिपूर या कृष्णाकाठच्या गावी नदी म्हटली की घाट आणि घाट म्हटला की भटजी, अशी सांगड मनात बसली आहे. ती तोडली पाहिजे. आपण सोडला तो विधी. काठ सोडल्याची प्रतिज्ञा कोणी घेतलेली नाही.

ज्या जिल्ह्यात आपण राहतो त्याच जिल्ह्यात १९०१ साली लहानगा भीमराव भाऊ व भाच्यांसह मसूर स्थानकावर उतरून बैलगाडीने वडिलांकडे निघाला होता. जवळ शिदोरी होती, परंतु पाण्यावाचून ती तशीच राहिली; वाटेत कोणी घोटभर पाणी दिले नाही. पुढे १९२७ मध्ये महाडला त्यांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि १९५० मध्ये अमलात आलेल्या संविधानाच्या १५व्या कलमात विहिरी व तलावांच्या जोडीला स्नानघाट आणि रस्तेही लिहिले गेले. सरकारी पैशाने राखलेल्या घाटावर व वाटेवर आपला हक्क आहे तो या कलमाने. मात्र ज्या वाटेवर आपण पाऊल टाकत नाही, तिची आखणी दुसरेच करतात.

आज नदीकाठच्या पायवाटा सुधारण्याच्या गोष्टी जागोजाग बोलल्या जातात. सुधारणा म्हणजे फरशी, कठडे आणि विजेचे खांब, ही कल्पना मला पटत नाही. २०१९ साली सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर चढले. २०२१ मध्ये पूर पुन्हा आला. पुराचे पाणी प्रथम शिरते ते सखल वस्त्यांत, आणि त्यांत गरिबांची घरे किती, हे तुम्हांस सांगावयास नको. पुराला पसरावयास जागा हवी. काठाला भिंती घालून पात्र आवळले, तर ते पाणी जाणार कोठे? त्यापेक्षा मातीची, मुरमाची वाट ठेवावी. काठ धरून ठेवणारी वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ ही इथली झाडे लावावीत. आणि वस्तीतून नदीवर उतरणारी वाट, जी बहुधा नकाशात नसतेच, ती आधी दुरुस्त करावी. मुख्य घाट चकचकीत व्हावा आणि आपल्या बायामाणसांनी चिखलातून घसरत जावे, याला सुधारणा म्हणता येणार नाही.

हे काम आपल्या धम्माला परके नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय युद्धाला उठले, तेव्हा सिद्धार्थाने त्या युद्धाला विरोध केला व देशत्याग पत्करला, असे बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात मांडले आहे. निरंजनेच्या परिसरात भगवंतांना बोधी लाभली. चंक्रमण, म्हणजे सावधपणे येरझारा घालणे, ही भिक्खूंची नित्याची साधना. अशोकाने वाटांवर वड लावले, विहिरी खोदल्या. कऱ्हाडजवळ आगाशिवाच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेतच. कृष्णा-कोयनेच्या संगमापासून ती दूर नाहीत. मुलांना एकदा तेथे न्या. विनयात तर हिरव्या गवतावर किंवा पाण्यात मलमूत्र करू नये, थुंकू नये, असा भिक्खूंना नियमच आहे. उपासकांनी तो आपलासा केला तर काठाची निम्मी स्वच्छता नगरपालिकेवाचून होईल! उरलेली मात्र तिच्याकडूनच करून घेतली पाहिजे. झाडू हाती घेण्याचे काम जातीने आपल्याच वाट्याला येते, ते येथे पुन्हा येऊ देऊ नका.

वर्षातून किमान चार ग्रामसभा भरतात. येत्या सभेला स्त्रियांसह जा. वस्तीपासून पाण्यापर्यंतची वाट किती पावलांची, कोठे खचलेली, पुरात कोठवर बुडते, हे आधी चालून लिहून काढा, त्यावर सह्या घ्या आणि अर्जाची पोच मागून घ्या.