आकड्यासोबत त्याची त्रुटीही लिहावी

उसाचा दर, तोडणीची मजुरी आणि विहिरीच्या पाण्याची लायकी या तिन्ही बाबींचा निवाडा ज्या बीड जिल्ह्यात अखेर कुठल्या ना कुठल्या उपकरणाने दाखविलेल्या आकड्यावर होतो, त्याच जिल्ह्यातील महाविद्यालयांत अकरावीच्या रसायनशास्त्रातला मापनाचा, एककांचा आणि प्रायोगिक त्रुटींचा भाग सोपा म्हणून घाईने उरकला जावा, ही गोष्ट मला मनस्वी खेदाची वाटते.

प्रयोगशाळेतील एक नित्याचा प्रसंग पाहावा. ब्युरेटमध्ये पोटॅशियम परमँगनेटचे गडद जांभळे द्रावण असते; त्यातून पृष्ठभागाची खालची कड दिसत नाही म्हणून वरची वाचावी लागते, आणि डोळा त्या कडेच्या समपातळीत नसला तर वाचन वरखाली होते. नळीवर मिलिलीटरचे दहाच भाग, आणि एक थेंब साधारण ०.०५ मिलिलीटरचा, तेव्हा फिकट गुलाबी छटा टिकली की तोटी बंद करणाऱ्या अत्यंत दक्ष विद्यार्थ्याचीही तीन वाचने ९.८, ९.९, ९.८ अशी यावीत, हेच स्वाभाविक आहे. परंतु वहीत ‘सी.बी.आर.’ (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग) म्हणून एकच स्थिर आकडा दाखवायचा असतो, परीक्षकही तोच शोधतो, आणि म्हणून अंदाजासाठी घेतलेल्या पायलट रीडिंगनंतर एकदाच प्रयोग करून तिन्ही रकान्यांत ९.८ लिहून मोकळे होण्याची रीत पडली आहे. विज्ञानाच्या उंबरठ्यावरच मुलाच्या हातून खोटी नोंद करून घेणारी ही रीत मी अक्षम्य मानतो.

याचे परिणाम प्रयोगशाळेच्या भिंतीआड राहत नाहीत. २०२४-२५ च्या हंगामात केंद्र सरकारने १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये आणि त्यापुढील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.३२ रुपये असा रास्त व किफायतशीर दर ठरविला होता. म्हणजे उताऱ्यातील दशांश स्थानाच्या एका अंकाने पन्नास टन ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याच्या हिशेबात १,६६० रुपयांचा फरक पडत होता. कोयत्यामागे, म्हणजे तोडणीच्या जोडीमागे, आगाऊ उचल घेऊन दिवाळीनंतर जिल्ह्याबाहेर पडणाऱ्या लाखो ऊसतोड मजुरांची मजुरीही टनावरच, म्हणजे काट्यावरच, ठरते. दहा किलोंच्या टप्प्याने वजन दाखविणाऱ्या काट्यावर वीस टनांच्या खेपेत दहा-वीस किलोंचा फरक काट्याच्या स्वाभाविक मर्यादेतला आहे. दोन क्विंटलांचा फरक मात्र त्या मर्यादेतला नाही, त्याची तक्रार वैधमापन खात्याकडे गेलीच पाहिजे. प्रामाणिक त्रुटी किती असू शकते हे ज्याला ठाऊक नाही, त्याला लबाडी ओळखता येत नाही. तो एक तर प्रत्येक पावतीवर डोळे मिटून विश्वास ठेवतो, नाही तर प्रत्येक पावतीवर संशय घेतो, आणि दोन्ही परींनी नागविला जातो.

पाण्याची बाब याहून नाजूक आहे, कारण तिथे पैशाऐवजी दात आणि हाडे पणाला लागतात. बीड जिल्ह्याच्या काही भागांतील भूजलात फ्लोराइड अधिक आढळते. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा, आणि अन्य स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा. आता अहवालात नुसते ‘१.४’ लिहिलेले असले आणि त्या तपासणीत ०.२ ची त्रुटी संभवत असली, तर ते पाणी मुभेच्या आत आहे की बाहेर, हे त्या कागदावरून ठरतच नाही. तिथे नमुना पुन्हा तपासणे हेच कर्तव्य ठरते. त्रुटी छापलीच नाही, तर ग्रामपंचायतीला ही निकड कळावी कशी?

निजामाच्या अमलातील शेर, पायली, मण ही मापे १९५६ च्या कायद्यानंतर क्रमाक्रमाने जाऊन दशमान पद्धती आली, आणि एककांचा गोंधळ बव्हंशी मिटला. ते काम सरकारने निष्ठेने केले. त्रुटी नोंदविण्याचे उरलेले अर्धे काम शिक्षण मंडळाने आणि जिल्हा प्रशासनाने हाती घ्यावे: प्रात्यक्षिक परीक्षेत तीन जुळत्या आकड्यांऐवजी तीन खऱ्या वाचनांना व त्यांतील फरकाच्या कारणमीमांसेला गुण द्यावेत, आणि पाणी तपासणीच्या प्रत्येक अहवालावर एकक, तपासणीची पद्धत व संभाव्य त्रुटी छापण्याचा हुकूम येत्या उन्हाळ्यापूर्वी काढावा.