डोंगरावर बिऱ्हाड करायचं म्हणता?

मैत्रिणींनो, मागच्या महिन्यात ठाण्याहून एका भगिनीचे पत्र आले. पत्र चार पानी आणि अक्षर इतके सुरेख, की आमच्या सासूबाईंनी ते नुसते अक्षरासाठी दोनदा वाचले. या बाई आणि त्यांचे यजमान दिवाळीच्या सुटीत भिलारला जाऊन आले. घरोघरी पुस्तकांची कपाटे, रंगवलेल्या भिंती, ओसरीवर बसून वाचणारी माणसे, पलीकडे स्ट्रॉबेरीचे वाफे. यजमानांना चित्रे काढण्याचा नाद, बाईंना विणकामाचा. "ठाण्याच्या दोन खोल्यांचं भाडं भरण्यापेक्षा तिकडेच लहानसं घर बघून राहिलो तर? स्वस्तात होईल ना? तुम्ही तिकडच्याच, म्हणून विचारते," असे त्यांनी लिहिले आहे.

बाई, मी तिकडची नव्हे हो, मी सांगलीची. पण तुम्ही जो विचार करता आहात तो आम्ही केला, अमलात आणला, आणि निम्मा मोडूनही झाला. तेव्हा उत्तर देण्याचा थोडा अधिकार मला आहे.

आमच्या ह्यांचा सांगलीत गावभागात छोटा व्यवसाय होता. पुस्तकांची अक्षरजुळणी, मुखपृष्ठे, लग्नपत्रिका, असे काम. कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी मोजतात. चाळीस फूट ही इशाऱ्याची पातळी आणि पंचेचाळीस धोक्याची. २००५ सालचा पूर आमच्या दुकानाच्या भिंतीवर कुणीतरी खिळ्याने कोरून ठेवला होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढू लागले, तेव्हा ह्यांनी कागदाचे सगळे रीम त्या खुणेच्या वर फळीवर रचले आणि निर्धास्त झाले. त्या वर्षी पाणी सत्तावन्न फुटांवर गेले. रीम फुगून फळीसकट खाली आले. दोन संगणक गेले, लोकांच्या पुस्तकांची हस्तलिखिते गेली. त्याची भरपाई कशी करणार? राहत्या घरातले सामान माळ्यावर चढवल्यामुळे वाचले, त्यात मामंजींचा मिरजेचा तंबोराही होता. पुढे २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा पन्नासच्या वर गेले, तेव्हा हे म्हणाले, "आता नदीच्या काठी नको. काम काय, कुठूनही करता येतं. वर जाऊ."

वर म्हणजे पाचगणीच्या बाजूला. मला एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवायचे काम मिळाले आणि पाचगणीपासून थोड्या अंतरावरच्या एका गावात आम्ही नोव्हेंबरात बिऱ्हाड केले. नोव्हेंबर! मैत्रिणींनो, कुठल्याही डोंगरगावाशी नोव्हेंबरात सोयरीक करू नका. तेव्हा ते गाव नटूनथटून बसलेले असते.

आता स्वस्ताईचे. सांगलीत आम्ही साडेसहा हजार भरत होतो, वर नऊ हजार पडू लागले. का, तर ज्या घरमालकाला शनिवार-रविवारच्या पाहुण्यांकडून दोन रात्रींत चांगली रक्कम मिळते, तो बारमाही भाडेकरू ठेवील कशाला? ठेवला तरी सुगी आली की त्याचा हात शिवशिवतो. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात आमचे मालक चहाला आले आणि म्हणाले, "वहिनी, दोन महिने जरा दुसरीकडं बघता का? जूनमध्ये परत या की." जूनमध्ये परत या! जसे काही आम्ही बाडबिस्तरा घेऊन फिरणारे नाटकमंडळीच. कराराचे विचारावे, तर तो तोंडीच होता. मुलांना व्याकरण शिकवणारी मी, पण स्वतःचा कागद करून घ्यायला विसरले. महाराष्ट्रात भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे असा १९९९ चा कायदा आहे आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते, तुम्ही मात्र ध्यानात ठेवा.

आणि 'लहानसं घर घेऊन' असे तुम्ही लिहिले आहे, त्याबद्दल. घर घेण्याची घाई मुळीच करू नका. महाबळेश्वर-पाचगणीचा टापू २००१ सालापासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे, तिथे बांधकामावर बरेच निर्बंध आहेत. त्यातून ज्याच्या नावावर शेती नाही, त्याला आपल्या राज्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. 'चार गुंठे आहेत, मग करून घेऊ कागद' असे म्हणणारे ओळखीचे गृहस्थ भेटतील, चहाही पाजतील. आधी सातबारा बघा, जमीन बिगरशेती झाली आहे का ते तलाठ्याकडे जाऊन विचारा, आणि वकिलाची फी वाचवू नका.

भिलारबद्दलही एक सांगते. ४ मे २०१७ ला ते 'पुस्तकांचं गाव' झाले, तेव्हा पंचवीस ठिकाणी मिळून पंधरा हजारांच्या आसपास पुस्तके मांडली होती. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून घेतलेली. पण त्या गावात १९६० नंतर एका पुस्तकवेड्याने जुन्या पुस्तकांची दुकाने काढली आणि गाव त्या खरेदी-विक्रीवर उभे राहिले. भिलारची पुस्तके विकायची नाहीत, घरात शिरावे आणि वाचावे. मला तर हेच जास्त आवडते. ज्यांच्या ओसरीवर आपण बसतो त्यांचे पोट मात्र स्ट्रॉबेरीवर आणि पाहुण्यांवर चालते, त्यामुळे 'पुस्तकांचं गाव आहे, तर पुस्तकांचं काम मिळेल' हा आमच्या ह्यांचा हिशेब चुकला. काम सांगली-कोल्हापूर-पुण्याच्या जुन्या गिऱ्हाइकांकडूनच येत राहिले, आणि तेही मोबाइलला रेंज असेल त्या दिवशी.

आता थोडे स्वयंपाकघराकडे येऊ. पाचगणी समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या आसपास आहे. एवढ्या उंचीवर पाणी शंभर अंशांऐवजी पंचाण्णव-शहाण्णव अंशांनाच उकळते. त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही, राजमा-छोले तर रुसूनच बसतात. पहिले पंधरा दिवस मी वाण्याला दोष देत होते. डाळी कुकरमध्येच लावा, रबर नवे घ्या, आणि कडधान्ये नेहमीपेक्षा दोन-तीन तास जास्त भिजवा.

पावसाळ्याची तयारी तर वेगळीच. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पाचगणीला त्याच्या निम्माही नसतो, तरी सांगलीच्या माणसाला तो पुरून उरतो. जुलैत सूर्य दिसणे ही बातमी असते. कपडे वाळवायला शेजारच्या मावशींनी जुनी युक्ती सांगितली. शेगडीत निखारे घालायचे, वर बांबूची डाल पालथी घालायची आणि तिच्यावर कपडे पसरायचे. खिडकी थोडी उघडी ठेवायची आणि शेजारी कुणीतरी बसायचे, निखाऱ्याची खोली बंद करून झोपायचे नाही. गहू-तांदूळ मे महिन्यातच कडकडीत ऊन देऊन पत्र्याच्या डब्यात भरा. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाका. पापड-कुरडया दुहेरी पिशवीत, वर घट्ट झाकण. शिलाई मशीनला तेल देऊन चादरीत गुंडाळा. पुस्तके भिंतीला टेकवून ठेवू नका, मागे चार बोटे जागा ठेवा आणि आठवड्यातून एकदा पाने हलवा. माझी बी. ए.ची पुस्तके बुरशीने हिरवीगार झाली तेव्हा हे शहाणपण आले.

पुरातून वाचलेला तंबोराही याच पावसाने गेला. भोपळ्याचा सांधा सुटला, तबकडी फुगली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. फडक्याने पुसत बसल्या.

खरे सांगायचे तर आमचे बिऱ्हाड त्यांच्यामुळे हलले. डाळ, भाडे, रेंज यांच्याशी मी भांडले असते. पण सासूबाईंचा जन्म सांगलीत गेलेला. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' केले ते हे गाव. दर पाच नोव्हेंबरला, रंगभूमीदिनाला, भावे नाट्यमंदिरात त्यांची खुर्ची जणू ठरलेली. वर मात्र पाऊस लागला की दार बंद, चारच्या सुमारास धुके आत येई, बोलायला माणूस नाही. एका संध्याकाळी मी शाळेतून आले तर त्या दिवा न लावता बसलेल्या. म्हटले, "आई, काय झालं?" तर म्हणाल्या, "काही नाही गं. आज दिवसभर माझा आवाज मीच ऐकला नाही."

त्या रात्री मी ह्यांना म्हटले, तुमचे चित्र सुंदर आहे, पण त्यात आईंना बसायला जागा नाही. हे चिडले. दोन दिवस अबोला झाला. पूर मी विसरले, असे त्यांना वाटले. मी विसरले नव्हते. फुगलेले रीम अजून माझ्या स्वप्नात येतात. तिसऱ्या दिवशी हे आपण होऊन वाईला जाऊन आले आणि चढाच्या बाजूला, नदीपासून लांब, एका जुन्या वाड्यातल्या तीन खोल्या बघून आले.

वाई काही डोंगरावर नाही, पसरणी घाटाच्या पायथ्याशी आहे. पण राहणारे गाव आहे, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे नाही. घाट, देवळे, ढोल्या गणपती. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचे काम इथूनच चालवले आणि १९७६ साली पहिला खंड बाहेर काढला. त्यामुळे शुद्धलेखनावरून वाद घालणारी माणसे भाजीबाजारातही भेटतात. ह्यांना आणखी काय हवे? पलीकडेच पसरणी हे शाहीर साबळ्यांचे जन्मगाव. जवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे, त्यातली भिंतीवरची चित्रे तुमच्या यजमानांना जरूर दाखवा. भाडे साडेपाच हजार. मी आठवड्यातून तीन दिवस एस. टी.ने घाट चढून शाळेत जाते आणि संध्याकाळी उतरते. सासूबाईंना उन्हाळ्यातली वसंत व्याख्यानमाला पुरते, परतल्यावर वक्त्याच्या चुका सांगण्यात आठवडा जातो. उणीव आहे ती मोठ्या दवाखान्याची. अवघड दुखणे निघाले की सातारा किंवा पुणे गाठावे लागते. पन्नाशीपुढच्यांनी हे आधी मनात धरावे.

तंबोरा आम्ही मिरजेला नेला. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण सतारमेकर गल्लीतल्या वृद्ध कारागिरांनी त्याचे कौतुक न सांगता आधी आम्हालाच फैलावर घेतले. "वाद्य डोंगरावर नेता होय?" चार महिन्यांनी तंबोरा घरी आला. आवाज पूर्वीपेक्षा किंचित खर्जातला वाटतो, असे सासूबाई म्हणतात. मला फरक कळत नाही.

तेव्हा ठाण्याच्या भगिनी, तुम्ही दोघे येत्या जुलैत पंधरा दिवस वर राहायला या, पाहुण्यांच्या खोलीत नव्हे, स्वतः स्वयंपाक करून. ठाण्याच्या खोल्या निदान एक वर्ष सोडू नका. तुमच्या विणकामाचे म्हणाल, तर आमच्या शाळेतल्या एक बाई विणतात, त्यांचे स्वेटर थंडीत जातात आणि मे महिन्यात पडून राहतात. यजमानांना निवृत्तिवेतन किती आणि घरात वडीलधारे कोण, हे तुम्ही चार पानांत कुठेच लिहिलेले नाही. ते कळवा, म्हणजे खर्चाचा अंदाज पुढच्या वेळी नीट मांडून देता येईल.