भाकरीची क्रांती आणि पिकवणारा



८ मार्च १९१७ रोजी रशियात पेत्रोग्राडच्या कापडगिरण्यांतील बाया भाकरीसाठी रस्त्यावर उतरल्या. आठवडाभरात झारची गादी गेली. महायुद्धाने शेतावरचे हात नेले होते, शहरात पाव मिळत नव्हता. नोव्हेंबरात लेनिनच्या सरकारने जमीनदारांची जमीन शेतकऱ्यांना दिली. १९१८ पासून त्याच शेतकऱ्यांचे धान्य बंदुकीच्या धाकाने उचलले. ज्वारीची लेव्ही घातलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

त्या क्रांतीचा लाल बावटा मुंबईत परळ-लालबागेत पोचला. १९२८ साली गिरणी कामगारांनी सहा महिने संप लढवला. आम्ही त्याला कमी लेखत नाही. पण मागण्या मजुरीच्या होत्या, कापसाच्या भावाच्या नव्हत्या.

आपला हिशेब दुसरा कोणी मांडत नाही. तो आपणच मांडायचा.