आवाज कोठें फाटतो?

यंत्र अडलें कीं त्याच्या पाठींत एक थाप मारावी, हा उपचार आमच्या घरांत रेडिओच्या काळापासून रूढ आहे. रेडिओच्या पोटांत एखादी तार सैल झालेली असे, म्हणून कधीं कधीं त्या थापेचा गुणही येई. मोबाईलच्या बाबतींत हा उपचार निरुपयोगी आहे. आणि दुसरा घरगुती उपचार, म्हणजे नीट ऐकूं येत नाहीं म्हणून आवाज आणखी चढविणें, हा तर प्रत्यक्ष अपायकारक आहे. हें ज्ञान आम्हांस कोणत्याही ग्रंथांत मिळालें नाहीं. गेल्या मार्गशीर्षांत आमच्या घरीं जो प्रकार घडला त्यांतून तें मिळालें, आणि वाचकांच्या घरींही एखादें गाणें असेंच मुकें होऊन पडलें असण्याचा संभव असल्यामुळें तो प्रकार येथें सविस्तर सांगतों.

आमचे वडील बंधु, ज्यांस सर्व घर दादा म्हणतें, आज एकोणऐंशी वर्षांचे आहेत. वहिनींस जाऊन तीन वर्षें झालीं. वहिनींचा गळा गोड होता. शिक्षण म्हणावें तर माहेरीं एका पेटीमास्तरांकडे चार वर्षें झालें, तेवढेंच. १९८८ सालच्या दिवाळींत आम्हीं हौसेनें एक कॅसेट-रेकॉर्डर विकत घेतला व त्यावर पहिलें ध्वनिमुद्रण केलें तें वहिनींचें. दोन पदें आणि एक भूपाळी, मिळून अवघीं चौदा मिनिटें. पुढें पुतण्यानें तें मोबाईलमध्यें उतरवून घेतलें. मूळ कॅसेटच्या फितीस लवकरच बुरशी धरली व ती टाकून द्यावी लागली. पुतण्याचा मोबाईलही मध्यंतरीं बदलला. अशा रीतीनें वहिनींचा आवाज उरला तो एकट्या दादांच्या मोबाईलमध्यें.

वहिनी गेल्यापासून रोज तिन्हीसांजेस देवापाशीं दिवा लागला कीं दादा देवघराच्या कोनाड्यांत मोबाईल ठेवून तीं चौदा मिनिटें ऐकत. गेल्या आश्विनापासून हा क्रम बंद पडला. आम्हां सर्वांस वाटलें कीं दुःख निवत चाललें. सूनबाई म्हणाल्या, “मामंजींचें मन आतां जरा स्थिरावलें.” आम्हींही मान डोलाविली. वर्गांतील मुलांचे चेहरे वाचण्यांत सारा जन्म घालविलेल्या आम्हांस सख्ख्या भावाचा चेहरा वाचतां आला नाहीं, ही गोष्ट येथें नमूद करून ठेवतों.

मार्गशीर्षांत वहिनींच्या श्राद्धतिथीस त्यांच्या माहेरचीं माणसें आलीं. भोजनोत्तर त्यांपैकीं एकांनीं तीं पदें ऐकविण्याची विनंति केली. दादा क्षणभर थांबले आणि म्हणाले, “तें आतां झिजलें. मीच वाजवून वाजवून झिजविलें. उरलें आहे तें तरी राहूं द्या.”

तेव्हां उलगडा झाला. दादांच्या बालपणीं घरांत ग्रामोफोन होता. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या खांचेंत पोलादी सुई घांसली जाई, आणि जें गाणें अधिक आवडावें तेंच आधीं खरखरूं लागे. कॅसेटची फीतही फिरून फिरून झिजते. त्या अनुभवावरून दादांनीं अनुमान बांधलें कीं, आपण रोज ऐकलें म्हणून आवाज फाटला. आणि उरलेला आवाज राखण्यासाठीं ऐकणेंच सोडून दिलें. आम्ही जिला मनःशांति समजत होतों, ती काटकसर होती.

हें अनुमान चुकीचें होतें. मोबाईलमधील गाणें म्हणजे आंकड्यांची एक लांबलचक यादी होय. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कचें उदाहरण घ्या. तींत डाव्या व उजव्या कानासाठीं दर सेकंदास प्रत्येकीं ४४,१०० वेळां ध्वनिलहरीची उंची मोजून लिहिलेली असते, आणि ती संख्या उणे ३२,७६८ पासून अधिक ३२,७६७ पर्यंतच असूं शकते. मोबाईलमध्यें बहुधा अशाच यादीचें संक्षिप्त रूप साठविलेलें असतें. ही यादी हजार वेळां वाचली तरी तींतील आंकडे पुसट होत नाहींत. पंचांग रोज उघडल्यानें तिथि झिजत नाहींत, तसेंच हें आहे.

मग आवाज फाटला कोठें? अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह ज्यांनीं वाचला असेल त्यांस अन्वय आणि व्यतिरेक हे शब्द परिचित असतील. जेथें धूर तेथें अग्नि, जसें स्वयंपाकघर. जेथें अग्नि नाहीं तेथें धूरही नाहीं, जसा सरोवर. आम्हीं मुलांकडून हें कैक वर्षें घोकून घेतलें, परंतु त्याचा घरांत कधीं उपयोग होईल असें वाटलें नव्हतें. मोबाईलमधील गाणें आपल्यापर्यंत पोंचतें तें पांच ठाण्यांवरून: मूळ ध्वनिमुद्रण, तें वाजविणारें ॲप, आवाजाची घट-वाढ करणाऱ्या कळा, स्पीकर अथवा इयरफोन, आणि शेवटीं ऐकणाराचा कान. एका वेळीं एकच ठाणें बदलून पाहावें व फरक पडतो कीं नाहीं तें टिपावें, एवढीच युक्ति. आमची नात, म्हणजे पुतण्याची कन्या, अकरावींत शास्त्रशाखेस आहे. तिला मदतीस घेऊन आम्ही त्याच दिवशीं बसलों.

प्रथम तेंच ध्वनिमुद्रण नातीच्या मोबाईलवर पाठवून लावलें. चौदा मिनिटांत एक जागा सोडली तर आवाज स्वच्छ होता. त्या एका जागेविषयीं शेवटीं सांगूं. दादा दाराशीं उभे होते. ते आंत येऊन खालीं बसले. दुसऱ्यानें, दादांच्या मोबाईलवर निराळेंच गाणें लावलें; तेंही फाटलें. म्हणजे दोष वहिनींच्या गाण्यांत नव्हता, मोबाईलमध्यें होता. तिसऱ्यानें, दादांच्याच मोबाईलला तारेचे इयरफोन जोडले. खरखर पुष्कळ कमी झाली, परंतु उंच स्वरांवरील फाट राहिलीच. म्हणजे दोष एक नसून दोन होते: एक स्पीकरपाशीं, दुसरा त्याच्याही अलीकडे.

अलीकडचा दोष तपासतांना आवाज मर्यादेबाहेर वाढविणारें एक ॲप सांपडलें. नात हळूच म्हणाली, “धाकटे आजोबा, आजोबांना ऐकूं येईना म्हणून मीच घातलें होतें.” असें ॲप यादींतील प्रत्येक आंकड्यास गुणून मोठें करतें. परंतु मर्यादा ठरलेली असल्यामुळें जे आंकडे तिच्या वर जातील ते सर्व एकाच उंचीवर छाटले जातात. पांचगणीस डोंगराचा माथा कापून काढावा तसें जें पठार दिसतें, तसा लहरीचा माथा सपाट होतो. अशा सपाट माथ्याच्या लहरींतून, गाणाऱ्यानें न गाइलेले नवे स्वर उत्पन्न होतात. तंबोऱ्याच्या जवारींतूनही वरचे स्वर उमटतात, पण ते कारागिरानें घोडीवर दोरा सरकवून, कान लावून साधलेले असतात. मिरजेच्या तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें तें अशाच कारागिरीसाठीं. येथें तसें कांहीं नसतें. गळा व पेटी दोन्ही एकदम छाटलीं गेलीं म्हणजे त्यांच्या स्वरांच्या बेरजा-वजाबाक्या होऊन जे स्वर निघतात त्यांचा रागाशीं कांहींच संबंध नसतो. कान त्यासच कर्कश म्हणतो. इक्वलायझर नांवाच्या कळांत खर्जाची पट्टी फार वर सरकविली तरी हेंच घडतें. खर्ज अधिक हवा असेल तर इतर पट्ट्या खालीं आणाव्या.

तें ॲप काढून टाकतांच इयरफोनांतील आवाज निवळला. राहिला स्पीकर. त्याच्या बारीक जाळीवर उदबत्तीची राख, वातींच्या कापसाचे तंतु आणि वर्षाभराची धूळ यांचा लेप बसला होता. शिवाय नव्या कव्हराची कड जाळीच्या अर्ध्या भागावर आली होती. कव्हर काढलें व मऊ, कोरडा, न वापरलेला ब्रश हलकेच फिरविला. टांचणी आंत घालूं नये, पाणी किंवा तेल लावूं नये, तोंडानें फुंकरही मारूं नये, कारण तिच्यांत ओलावा असतो. मोबाईल पाण्यांत पडून आवाज घोगरा झाला असेल तर तो बंद करून, जाळी खालीं करून, हवेशीर जागीं वाळूं द्यावा. तांदळाच्या डब्यांत पुरून ठेवण्याची चाल सर्वत्र आहे. परंतु ॲपल कंपनीनेंच तसें न करण्याचा सल्ला दिला आहे, कारण तांदळाचे बारीक कण आंत शिरून अपाय करूं शकतात.

आतां आवाज स्वच्छ झाला, परंतु दादा म्हणाले, “बारीक झाला.” हें पांचवें ठाणें. वयोमानानें कान प्रथम वरच्या पट्टीचे ध्वनि गमावतो. त्यामुळें स, श यांसारखीं अक्षरें आधीं पुसट होतात. बोलणें ऐकूं येतें पण कळत नाहीं, अशी वृद्धांची जी तक्रार असते तिचें कारण बहुशः हेंच. अशा वेळीं नुसता आवाज चढविल्यानें स्पष्टता येत नाहीं. उलट मोठा आवाज कानास सोसेनासा होतो. आम्हीं दादांस कानाच्या डॉक्टरांकडे नेलें, तपासणी झाली, श्रवणयंत्र मिळालें. तें मुख्यतः बोलण्यासाठीं जुळविलेलें असल्यामुळें प्रारंभीं त्यांतून गाणें पत्र्यासारखें वाजे. तसें सांगितल्यावर तंत्रज्ञांनीं त्यांत गाण्यासाठीं निराळी जुळणी करून दिली. श्रवणयंत्र घेणाऱ्या प्रत्येकानें हें आवर्जून मागून घ्यावें.

ज्यांच्या घरचा दोष याहून निराळा असेल त्यांच्यासाठीं आणखी चार गोष्टी सांगतों.

तारेच्या इयरफोनांत वाद्यें दुरून ऐकूं येतात पण गाणाऱ्याचा गळाच नाहींसा होतो, असें झालें तर खोडा पूर्ण आंत गेला आहे कीं नाहीं तें पाहावें. दोन्ही कानांस सामाईक असलेला सांधा सुटला म्हणजे दोहोंकडे सारखा असलेला आवाज परस्परांत वजा होतो, आणि गळा बहुधा दोहोंकडे सारखाच असतो.

ब्लूटूथच्या इयरफोनांतून गाणें अकस्मात् टेलिफोनवरून आल्यासारखें सपाट झालें, तर एखाद्या ॲपनें त्याच इयरफोनांतील मायक्रोफोन सुरू केला आहे काय तें पाहावें. बोलणें आणि ऐकणें एकाच वेळीं चालूं झालें म्हणजे ब्लूटूथ गाण्याची जुळणी सोडून संभाषणाच्या कमी प्रतीच्या जुळणीवर उतरतें. तें ॲप बंद केलें कीं गाणें पूर्ववत् होतें.

इंटरनेटवरून येणारें गाणें गुळगुळीत व पाणचट लागलें, तर जोडणी मंद झाल्यामुळें ॲपनें आपण होऊन हलकी प्रत लावली असण्याचा संभव आहे. ॲपमध्यें प्रत ठरविण्याची सोय असते. ती पाहावी, अथवा तेंच गाणें मोबाईलमध्यें साठवून घेऊन लावावें.

जुन्या तबकड्यांवरून उतरविलेल्या गाण्यांत जी सारखी चरचर ऐकूं येते ती तबकडीचीच असते. तिच्यासाठीं मोबाईलला दोष देऊं नये व दुरुस्तीवर पैसे खर्च करूं नयेत.

ही सर्व तपासणी करण्यास आम्हांस अर्धा तास लागला आणि खर्च कांहींच आला नाहीं. दुसऱ्याच दिवशीं पुतण्यानें त्या ध्वनिमुद्रणाच्या तीन प्रती करून तीन निराळ्या ठिकाणीं ठेविल्या. यादी झिजत नाहीं हें खरें, पण मोबाईल हरवतो, फुटतो, चोरीस जातो. ज्यांच्या घरीं अशी एकुलती एक प्रत असेल त्यांनीं हा अंक खालीं ठेवून आधीं दुसरी प्रत करावी, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.

राहिली ती एक जागा. दुसऱ्या पदांत वहिनी तार षड्जावर जातात, तेथें आवाज क्षणभर फाटतो. तो प्रत्येक मोबाईलवर फाटतो, इयरफोनांतही फाटतो. १९८८ सालच्या त्या दिवशीं मायक्रोफोन आम्हींच हातांत धरला होता, आणि आवाज चांगला यावा म्हणून अगदीं वहिनींच्या तोंडाशीं नेला होता. छाटणी मूळ मुद्रणांतच झाल्यामुळें लहरीचा तो माथा कोणत्याही उपायानें जसाच्या तसा परत मिळणार नाहीं. नातीनें संगणकावर तो पुष्कळसा मऊ करून पाहिला व दादांस ऐकविला.

दादा म्हणाले, “नको, आहे तसेंच असूं दे. पुढें ऐका.” पद संपल्यावर फीत दोन-तीन क्षण तशीच चालूं राहिली आहे. आजवर आमचें तिकडे कधीं लक्ष गेलें नव्हतें. पेटीचा भाता मिटल्याचा आवाज येतो, आणि मागून वहिनींचा: “भाऊजी, लांब धरा म्हणून केव्हांची खुणावतें आहें!”

तिन्हीसांजेचा क्रम पुन्हां सुरू झाला आहे. मोबाईल आतां उदबत्तीपासून हातभर दूर असतो. पुढील महिन्यांत जुन्या कॅसेटींस बुरशी लागूं नये म्हणून त्या कशा ठेवाव्या याविषयीं लिहूं.